मंडईच्या दिवशी भाटव्याचं पोट

माझा भाटवा, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, पोट दुखलं की अंगणभर लोळायचा. साधा गॅस झाला तरी "मेलो गा, मेलो! बोलवा सगळ्याईले!" असा गलका करायचा की शेजारपाजारची माणसं धावत यायची आणि हसत परत जायची. तसा तो धानाची शेती करणारा माणूस, पण आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकांत विनोदी कामं करायचा आणि घरी आला तरी नाटक सोडायचा नाही. साळी आणि भाटवा म्हटलं की आमच्याकडे थट्टेला पूर्ण मोकळीक. मी गोंदियात नर्स झाले, सर्जरीच्या वॉर्डात लागले, तर यानं गावभर सांगितलं की आपली साळी आता लोकांची पोटं फाडते.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईला मी ताईच्या सासरी गेले. गाव चिचगडच्या बाजूचं, जंगलाला लागून. मंडई म्हणजे गावाची जत्राच. घरोघरी पाहुणे, रस्त्यावर दुकानं, दिवसा ढोलकीवर दंडारीचं नाचगाणं आणि रात्री नाटक. भाटव्याचं त्या नाटकात मोठं काम होतं. मी पोचले तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ताई चुलीपाशी वडे तळत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुह्या भाऊजीचं पोट दुखून राहिलं. सकाळी एकाएकी सुरू झालं. जा अंदर, तुले पाहून उठतीन."

थट्टेचं वाक्य तोंडात घेऊन मी आत गेले आणि दारातच थबकले. तो लोळत नव्हता. बाजेवर उताणा पडून होता, गुडघे जवळ घेतलेले, आणि अजिबात हलत नव्हता. एक लहान पोर खेळता खेळता बाजेला धडकलं, तर त्यानं डोळे गच्च मिटले आणि तोंडातून शब्दही काढला नाही. आता सांगते, मुतखड्याचा माणूस तळमळतो. उठतो, बसतो, कूस बदलतो, त्याला चैन पडत नाही. पोटात काही फुटलेला माणूस निपचित राहतो, कारण जरा हललं तरी कळ उठते. वॉर्डात अशी माणसं मी कितीतरी पाहिली होती. पण घरच्या बाजेवर, आपल्या माणसाला असं कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारची एक बुढी तेलाची वाटी, दिवा आणि तांब्या घेऊन आली. "बोंबी सरकली," तिनं निदान करून टाकलं. "कापणीत वजन उचललं असंन." आमच्याकडे बेंबीवर पेटता दिवा ठेवून त्यावर तांब्या पालथा घालतात. तांब्या पोटाला चिकटला की सरकलेली बेंबी जागेवर येते म्हणतात, आणि मग वरून तेल लावून पोट चांगलं रगडतात. मी तिचं मनगटच धरलं.

"मोठी आई, पोटाले हात नोको लावू."

"काऊन वो? तुह्या जन्माच्या आधीपासून चोळून राहिली मी!"

मी माझा हात अलगद पोटावर ठेवला. पोट कुठलं, पाटाच होता तो. कुठेही दबत नव्हता, श्वासाबरोबर वरखाली होत नव्हता. हात गार, नाडी पळत होती. तेवढ्यात भाटवा हळूच म्हणाला, "साळीबाई, खांदा काऊन दुखून राहिला वो? खांद्यावर तर मी काही उचललं नाही."

बस! मला आणखी काही ऐकायचं नव्हतं. जठराला भोक पडून आतलं आम्ल बाहेर सांडलं आणि ते छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला लागलं, तर दुखणं खांद्यात उमटतं. गोळ्या कोणत्या घेता विचारलं, तर कळलं की अख्खी कापणी कंबरदुखीच्या गोळ्यांवर निघाली होती, त्याही रोज सकाळी उपाशीपोटी, नुसत्या चहावर. मी बाहेर येऊन ओरडले, "गाडी काढा! गोंदियाले न्यायचं हाय, आत्ताच्या आत्ता!"

आणि नेमका त्याच वेळी आतून त्याचा आवाज आला, "आराम पडला मले. थोडा आराम पडला."

घर एकदम सैल झालं. पाहुणे हसले, वडे पुन्हा कढईत पडले. ताईच्या सासूनं वाटीत पेज ओतली आणि निघाली पोराला पाजायला. मी ती वाटी हिसकली. अर्धी पेज तिच्या लुगड्यावर, अर्धी माझ्या पायावर. पाहुण्यांसमोर सासूच्या हातून वाटी हिसकणारी सुनेची बहीण! पण मला संताप आला होता, तो त्या एका शब्दाचा. आराम! वॉर्डाच्या बाहेर रडणाऱ्या किती माणसांकडून मी तो ऐकलाय: आराम पडला होता बाई, म्हणून थांबलो. पोटात पाणी सुटून आम्ल पातळ होतं, आग काही तास कमी होते, आणि तेवढ्यात आत विष पसरत जातं. मग ताप, मग पोटाचा नगारा, मग माणूस हाती लागत नाही. हे सगळं मी तिथे तारस्वरात सांगितलं. किती जणांना कळलं देव जाणे.

"आता कायले जाऊ?" भाटवा म्हणाला. "नाटक हाय आज. माह्या जागी कोण उभा राह्यन?"

"ठीक. मग हसून दाखवा. एकदाच, नेहमीसारखं. हसले तर मीच तुम्हाले नाटकात नेऊन सोडीन."

त्यानं खरंच प्रयत्न केला. गावाला हसवणारा माणूस तो. तोंड उघडलं, अर्धा "हा" बाहेर आला आणि तिथेच अडकला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.  दारात आलेल्या ताईनं झारा खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "गाडी आणा."

नाटकाचं सामान घेऊन आलेली गाडी चौकात उभी होती. आम्ही रंगीत पडद्याची घडी मागे अंथरली, बाजेवरून त्याला चादरीसकट उचललं आणि निघालो. पुढे भर रस्त्यात दंडार रंगलेली! लोकांनी आत भाटव्याला पाहिलं आणि त्यांना वाटलं, रात्रीच्या नाटकाची जाहिरात चाललीय. टाळ्या, शिट्ट्या! "काय सीन हाय बाप्पा!" कोणीतरी ओरडलं. मी खिडकीतून अर्धी बाहेर आले. "अरे सरका मेल्याहो! खरं होय हे!" माझ्या तोंडून आणखी काय काय गेलं ते लिहीत नाही. पण ढोलकीवाल्याला पटलं. तो पुढे झाला, थापा मारत गर्दी फोडत निघाला आणि आमची गाडी त्याच्यामागून सुटली.

वाटेत देवरीच्या दवाखान्यात सलाईन लागलं, जंतूंवरचं इंजेक्शन दिलं, नाकातून पोटात नळी घातली. पाण्याचा थेंब द्यायचा नाही, हे मी ताईला दर वळणावर बजावत होते. गोंदियातल्या आमच्या सर्जनना तिथूनच फोन केला होता. गोंदियाला पोचताच एक्स-रे निघाला आणि मी सगळ्यांच्या आधी तो हिसकून पाहिला. छाती-पोटाच्या पडद्याखाली हवेची काळी कोर, स्पष्ट! म्हणजे जठराला भोक पडलंच होतं. मला आनंद झाला. हो, आनंदच. आता कोणी मला वेडी म्हणणार नव्हतं, आणि वेळ अजून गेली नव्हती. सर्जन म्हणाले, "अच्छा हुआ, रुके नहीं." त्यांनी पोट उघडून भोक शिवलं, वर पोटातल्याच चरबीचं ठिगळ लावलं आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत सगळं धुऊन काढलं.

पण एवढ्यानं संपत नाही. अशा ऑपरेशननंतर आतडी झोपतात. ती जागी झाली का, हे कळायला एकच खूण. सर्जन रोज यायचे आणि एकच विचारायचे, "गैस पास हुआ?" आणि भाटवा मान हलवून नाही म्हणायचा. पोट फुगलेलंच होतं. बाहेर बाकावर त्याचा बाप बसून असायचा. ताई लग्न होऊन आली तेव्हापासून सासऱ्यासमोर कधी मोठ्यानं बोललेली नव्हती. पदर कपाळापर्यंत, निरोप सासूमार्फत. दवाखान्यातही त्याच्यासमोरून जाताना ती भिंतीला चिकटून जायची.

त्या दुपारी मी ड्यूटी संपवून बाकाजवळ येत होते. वॉर्डाचं दार धाडकन उघडलं आणि ताई धावत बाहेर आली. पदर खांद्यावरून पार लोळत होता, त्याची तिला शुद्ध नव्हती.

"मामाजी!" ती भर कॉरिडॉरमध्ये ओरडली. "पादले! मामाजी, पादले ते!"

म्हातारा भिंत धरून उठला.  सुनेकडे सरळ बघत तो म्हणाला, "अजून एकदा सांग, पोरी."