ऊन दाखवलेले दोन पक्षी

उस्मान गेल्याचा फोन आला तेव्हा मला रडू नाही, राग आला. एक गोष्ट त्याला सांगायची राहिली होती. साठेक वर्षं राहिली होती... आता खलास.

साठच्या दशकात आम्ही दोघे रत्नागिरीकडचे, दुबईत देरा भागात एका खोलीत राहायचो. मी कापडाच्या दुकानात, तो तेल शोधणाऱ्या कंपनीच्या स्टोअरमध्ये. दक्षिण अमेरिकेच्या जंगलांतून आलेल्या एका साहेबाने त्याला एका पेटीत, कापूस भरून टिकवलेले दोन चिमुकले मुंगीपक्षी दिले. ''मुंग्या खात नाहीत रे गफूर,'' तो म्हणाला, ''मुंग्यांच्या फौजेपुढे जे किडे पळतात ना, ते टिपतात.'' दोन्ही करडे, पण जाती दोन. एकाचा गळा काळा, दुसऱ्याच्या पंखांवर पांढरे ठिपके. पायांना जातींच्या नावांच्या चिठ्ठ्या.

त्याच आठवड्यात उस्मान वाळवंटातल्या कँपवर गेला आणि पेटीला मुंग्या लागल्या. कोकणातला माणूस काय करणार? सुकटीला दाखवतो तसं मी त्यांना गच्चीवर ऊन दाखवलं. शाई उडू नये म्हणून चिठ्ठ्या आधी सोडल्या. संध्याकाळी परत बांधल्या... अंदाजाने.

पुढे मुंबईहून बोटीने त्याने मागवलेलं पक्ष्यांचं पुस्तक आलं. रोज दुपारी भिंग घेऊन तो चोच, शेपूट, पंख मापायचा. कालवण थंड व्हायचं, मी वैतागायचो. वर्षभर ताडून पाहून गडी म्हणाला, ''पुस्तकच चुकलंय.'' आणि तसं विलायतेतल्या एका संग्रहालयाला कळवलंसुद्धा! उत्तर आलं, चिठ्ठ्यांची अदलाबदल झालेली दिसते, पेटी कोणी हाताळली?

''कोण हात लावणार?'' उस्मान चिडला. ''खोलीत एक गफूर. तो असला माणूस नाही.''

मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. तेव्हा तोंड उघडलं असतं तर? पण त्याने वही मिटली, पुन्हा कधी पक्ष्याचं नाव काढलं नाही, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली ती कायमची. आधी भीतीने, मग निव्वळ सवयीने.

त्याच्या मौतीचा चाळिसावा दिवस झाल्यावर त्याची नात इथे दुबईतच, अल बर्शाला माझ्या घरी ती पेटी घेऊन आली. ''ग्रँडपा सेड, ओन्ली फॉर गफूर अंकल.''

उघडली. दोन्ही पक्षी शेजारी शेजारी. चिठ्ठ्या मात्र पायांना नाहीत. सोडवून, नीट घडी घालून बाजूला ठेवलेल्या. माझ्यासाठी.

म्हणजे त्याला ठाऊक होतं! अरे, मग एकदा विचारायचंस तरी...

कुठली चिठ्ठी कोणाची, हे आता मला पाठ आहे. सकाळपासून दोरा घेऊन बसलोय. गाठ काही बसत नाही.