हललेला फोटो

लढाईच्या दिवसांत नगरात कॅमेरा बाळगणं म्हणजे पांढरा हत्ती पोसणं होतं. बाजारात फिल्म मिळत नसे. कॅमेरा गळ्यात अडकवून किल्ल्याच्या बाजूला गेलं तर पोलीस हटकत. मी लोकल बोर्डात कारकून होतो. एका साहेबानं विलायतेला परत जाताना जुनं सामान वाटून टाकलं, त्यात हा भात्याचा, घडी होणारा कॅमेरा माझ्या वाट्याला आला. भात्याला बारीक भोक होतं, ते मी सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून बुजवलं. फिल्म कॅम्पातल्या एका गोऱ्या सार्जंटकडून मिळे. त्याला एका रविवारी चांदबिबीच्या महालाची चढण दाखवली होती, तेवढ्याच ओळखीवर. एका रोळात आठ फोटो, आणि वर्षात दोन-तीन रोळ हाती लागले तरी आमची दिवाळी.

हे आठ फोटो मी गाण्याच्या बैठकींत उडवत असे. मला सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण गाणाऱ्याचं तोंड बघायला मला फार आवडे. अडचण अशी की घरात उजेड कमी, त्यामुळं कॅमेऱ्याचं झाकण पाव सेकंद तरी उघडं ठेवावं लागे, आणि तेवढ्यात बुवांची मान इकडून तिकडं गेलेली असे. पहिल्या दोन रोळांत नुसती भुतं उमटली. मग मी दोन गोष्टी शिकलो. एक म्हणजे ज्वारीनं अर्धी भरलेली छोटी पिशवी कॅमेऱ्याखाली ठेवायची. ज्वारी दबते, बसते, कॅमेरा हलत नाही. दुसरी म्हणजे सम. तबल्याचं आवर्तन फिरून जिथं येऊन टेकतं, तिथं गाणारा टेकतो, ऐकणारेही टेकतात. वर गेलेला हात क्षणभर तिथंच राहतो. त्या क्षणी बोट दाबायचं. मित्र म्हणत, "आम्ही समेला मान हलवतो, हा खटका हलवतो."

आमच्या घरासमोर एक मास्तर राहत. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवत. गाण्याचं त्यांना वेड होतं, आणि बैठकीत कधी सम येणार हे मला तेच गुडघ्यावर बोट वाजवून दाखवत. म्हणजे माझे जे फोटो चांगले आले, त्यातले निम्मे त्यांचे. लढाईच्या चौथ्या वर्षी त्यांची बायको विषमज्वरानं गेली. पदरात चार वर्षांची मुलगी. बायको पारनेरकडची, शेतकऱ्याच्या घरची. दिवसकार्य झाल्यावर तिकडची माणसं परत गेली आणि मास्तर मुलीला घेऊन घरात बसून राहिले. शाळा आणि घर, घर आणि शाळा. संध्याकाळी ते मुलीची वेणी घालायला बसत, ती धड जमत नसे, मग माझी बायको जाऊन घालून देई.

तिला जाऊन अजून महिना भरायचा होता. एका रविवारी सकाळी गावातल्या एका वकिलांच्या माडीवर बैठक ठरली. पुण्याहून बुवा येणार होते. मी मास्तरांना म्हटलं, "चला."

"नको. लोक काय म्हणतील?"

"मागे बसा खांबाआड. कुणाला दिसणार नाही. मुलगी आमच्याकडं राहील."

ते नको नको म्हणत होते आणि मी रेटत होतो. माझ्या मनात त्यांची काळजी होती, हे खरं आहे. पण त्यांच्याशिवाय मला सम सापडत नसे, हेही खरं आहे. शेवटी ते खांद्यावर उपरणं टाकून निघाले. कुणाला दिसणार नाही, हे माझे शब्द. ते मी अजून विसरलेलो नाही.

ते खांबाआड बसले. मी त्यांच्यापासून चार हातांवर, भिंतीला टेकून. बुवांचे सहा फोटो काढून झाले. दोन उरले. ऊन चढलं तसं पूर्वेच्या खिडकीतून उजेडाचा पट्टा सरकत सरकत खांबाच्या मागं आला आणि मास्तरांच्या तोंडावर पडला. मी कॅमेरा त्यांच्याकडं वळवला. बुवांनी एक तान अशी घेतली की ती कुठं जाऊन पडणार याचा कुणालाच पत्ता लागेना, आणि ती बरोबर समेवर आली. मास्तरांचा हात वर गेला. तोंड उघडं, डोळ्यांत हसू, सगळा माणूस उजळलेला. मी खटका दाबला.

लगेच मी फिल्म पुढं फिरवली. वर बघतो तो मास्तर स्वतःच्याच वर गेलेल्या हाताकडं बघत होते. हा हात कुणाचा, असं काहीतरी त्यांच्या तोंडावर होतं. मग त्यांनी तो खाली घेतला, उपरण्यात तोंड खुपसलं आणि ते रडायला लागले. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मी कॅमेरा पिशवीवरून उचललेला होता, तसाच हातात धरून खटका दाबला. का दाबला ते सांगता येणार नाही. एक फोटो उरला होता, एवढंच. थोड्या वेळानं ते उठून गेले आणि मी कॅमेऱ्याची घडी घालत तिथंच बसलो.

न्हाणीघराच्या दाराला घोंगडी लावून मी रोळ धुतला, फोटो छापले. सातवा फोटो पाहून माझाच माझ्यावर विश्वास बसेना. त्यापूर्वी तसा काढला नव्हता आणि त्यानंतरही जमला नाही. आठवा हललेला. एक पांढुरकी आकृती, उपरण्याचे दोन-तीन काठ एकात एक मिसळलेले. तो मी पाकिटात घालून फळीवर ठेवला. सातवा घेऊन कापडबाजारातल्या एका फोटोवाल्याकडं गेलो. त्यानं तो मोठा करून दिला आणि म्हणाला, "आठ दिवस आमच्या काचेत राहू द्या." मी हुरळलो. बायकोनं विचारलं, "मास्तरांना विचारलंत का?" मी म्हटलं, "चांगल्या गोष्टीला काय विचारायचं?"

लोक थांबून थांबून बघायला लागले. ऑफिसातल्या हेडक्लार्कनं पाठ थोपटली. आणि बाजाराच्या दिवशी मास्तरांचा मेहुणा बैलांसाठी कासरे घ्यायला नगरात आला होता, त्यानंही तो बघितला.

दोन दिवसांनी सासू आली. सर्व्हिस मोटारीतून उतरून तडक मास्तरांच्या दारात. मी आमच्या दारात उभा होतो, हातात चहाचा कप.

"माजी लेक जाऊन म्हैना न्हाई झाला," ती म्हणाली, "आन तुमी गान्यात डुलताय? हात वर करून हसताय? साऱ्या बाजारानं बघितलं. माज्या ल्योकाला मान खाली घालून यावं लागलं."

मास्तरांनी एकदाच माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. काही सांगणार असलात तर सांगा, असं ते बघणं होतं.

"ज्याला बायकूचं दुक्क न्हाई त्यो पोरीला काय बघनार? पोर मी घिऊन चालले."

पाकीट माझ्या घरात, फळीवर, दहा पावलांवर होतं. ते आणून तिच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, बाई, हा बघा त्याच्या पाठोपाठचा. आणि यांना तिथं मी ओढून नेलं होतं. एवढंच करायचं होतं. मी केलं नाही. तेव्हा मी स्वतःची समजूत घातली की हललेल्या फोटोत तिला काय दिसणार? पण खरी गोष्ट सांगायची तर मला लाज वाटली. आठ दिवस सगळं गाव ज्याची वाहवा करत होतं, त्यानं असला फसलेला फोटो लोकांपुढं धरायचा? इतकी क्षुद्र गोष्ट. गल्लीतली माणसं जमली होती, कप हातात निवत होता, आणि मी उंबऱ्याच्या आत उभा राहिलो. मुलीनं जाताना बाहुली मागितली. मास्तरांनी ती आतून आणून दिली.

त्याच दुपारी मी काचेतला फोटो काढून आणला. तसं करून काय उपयोग होता?

मास्तर माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत. हे सोसायला फार जड होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सुट्टीला ते पारनेरला जात. तिकडची माणसं मुलीला भेटू देत, पाठवत मात्र नसत. एका संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "एक विचारू? त्या दिवशी मी खरंच तसा हसत होतो का हो? मला आठवत नाही. पण फोटो काही खोटं बोलत नाही."

म्हणजे त्या बाईनं जो आरोप केला तो त्यांनी स्वतःवर लावून घेतला होता. त्या वेळी तरी मी उठून पाकीट आणायला हवं होतं. पण मग ते विचारणार, त्या दिवशी का नाही आणलंत? मी म्हटलं, "क्षणभर, मास्तर. अगदी क्षणभर." त्यांनी मान हलवली. पुढच्या वर्षी त्यांना पुणतांब्याच्या शाळेत नोकरी मिळाली आणि समोरच्या घराला कुलूप लागलं.

मी बैठकींना जाणं सोडलं. लोकांना सांगत असे, फिल्म मिळत नाही. लढाई संपली, फिल्म मिळायला लागली, तरी तेच सांगत असे.

स्वातंत्र्यानंतरच्या वर्षी बोर्डाच्या विहिरींच्या कामावर मला पारनेरला पाठवलं. निघताना फळीवरचं पाकीट मी पिशवीत घातलं. मास्तरांच्या सासुरवाडीचं घर गावाबाहेर शेतात होतं. म्हातारी अंगणात हुलगे पाखडत होती. एक नऊ-दहा वर्षांची मुलगी शेजारी खडे वेचत बसली होती. वेणी घट्ट, नीट घातलेली.

"कोन म्हनायचं सायेब?"

मी नाव सांगितलं नाही. नगरहून आलो, मास्तरांच्या ओळखीचा, एवढं म्हणालो आणि फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो उन्हात धरला, उलटा केला, सुलटा केला. मुलगी वाकून बघायला लागली.

"ह्यात कोनच दिसत न्हाई," मुलगी म्हणाली.

म्हातारी मात्र बघत राहिली. मग तिचं बोट उपरण्याच्या काठावर थांबलं. "ह्यो काठ माज्या लेकीनं घातल्याला हाय. दुहेरी टाका." तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला. "रडतुया त्यो."

"हो."

"कवाचा म्हनायचा ह्यो?"

"त्याच दिवशीचा. बाजारात लागला होता ना, त्याच्या लगेच पाठोपाठचा."

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्या तोंडाकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मला वाटलं ओरडेल. ती ओरडली नाही.

"मी पोर आनाया आले," ती म्हणाली, "तवा समोरच्या दारात कप घिऊन तूच हुबा हुतास न्हवं?"

मी हो म्हणालो. मुलगी एकदा तिच्याकडं आणि एकदा माझ्याकडं बघत होती.