तलावकाठची वाट आणि मुन्शीकाकांची हजेरी

शेहेचाळिसाव्या वर्षी गिअरची सायकल घेतली तेव्हा नवरा म्हणाला, "हँडलवर टॉवेल वाळत घालायला बरी आहे." चार महिने ती खरोखरच टॉवेल वाळवत होती. मग एके दिवशी आदिलाबादकडच्या मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे आईची मामेबहीण. बत्तीस वर्षं मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाली, पण आवाज अजून असा की समोरच्याला आपोआप पाढे आठवतात.

"आमच्या गावच्या तलावाले चालायची अन् सायकलची वाट झाली. येऊन पाह्य एकदा. अन् सायकल घेऊनच ये. सोमवारी साहेब येऊन राह्यला, बाहेरची पावनी दिसली त बरं वाटते त्याले."

कोणता साहेब, हे विचारायच्या आत फोन ठेवलेला होता. ते विचारायलाच मी गेले, असं घरी सांगितलं. खरं तर टॉवेलाचा राग आला होता.

गुरुवारी भावाच्या पिकअपमधून यवतमाळहून पांढरकवड्यापर्यंत सायकल नेली आणि पुढचं अंतर स्वतः चालवलं. जाणार असाल तर डिसेंबरात जा आणि सकाळी लवकर निघा. रस्ता चौपदरी आणि गुळगुळीत आहे, पण कापसाचे ट्रक बाजूने गेले की सायकल स्वतःहून नाचते. कडेची पांढरी रेघ सोडू नका. पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्यांवरची अक्षरं गोल होतात, माणसं मात्र तशीच "काऊन बाई, एकटीच निंगाली?" असं विचारतात. आदिलाबादेत चाळीस रुपयांत वडा-इडली आणि वर हवी तितकी शेंगदाण्याची चटणी मिळाली. लॉज नऊशेचा. मॅनेजरने सायकल खोलीत न्यायला परवानगी दिली, पण तिचं आधारकार्ड आहे का असंही विचारलं.

शुक्रवारी गुडीहत्नूरच्या पुढे आले. मावशीच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथे माझ्याविरुद्ध एक लेखी तक्रार दाखल आहे. ती अशी झाली. मोबाइलच्या नकाशाने हायवेवरच्या शाळेशेजारून तलावाकडे जाणारी एक कच्ची पायवाट दाखवली. मी वळले. दोन्हीकडे फुललेली तूर, मध्ये धूळ, पुढे काट्यांचं कुंपण आणि त्याचं फाटक सताड उघडं. फाटकाआत एक मोठी चिंच, वांग्याचे वाफे, आणि खाटेवर माकडटोपी घातलेले एक आजोबा बसलेले. मला पाहताच त्यांनी हात वर केला आणि काहीतरी ओरडले. माणसं किती प्रेमळ इथली, असं मनात म्हणत मी हात हालवला, छान हसले आणि भुर्रकन निघून गेले. पलीकडच्या फाटकातून बाहेर पडले तर एकदम सुरेख वाट सुरू झाली. तलावाच्या बांधावर लाल फरश्या, एका बाजूला पाणी, पाण्यात बगळे, दुसऱ्या बाजूला हरभरा. किलोमीटरभर मी गाणं म्हणत गेले.

मावशीने दारातच विचारलं, "कोन्या बाजूनं आली?"

सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. "म्हंजे मुन्शीच्या फाटकातून? अन् थांबली नाई?"

मग पाणी, चहा आणि बोलणी एकदमच मिळाली. प्रकरण असं होतं. ही वाट गावापासून निघते आणि मुन्शीकाकांच्या कुंपणापाशी संपते. ती आणखी अर्धा किलोमीटर नेली तर थेट शाळेशी जाते. आत्ता गावातल्या मुली सायकलने हायवेवरून, ट्रकांच्या शेजारून शाळेला जातात. म्हणून वाट वाढवा, असा अर्ज अख्ख्या गावाने केला होता. त्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या, फक्त ज्यांच्या जागेतून वाट जायची त्या मुन्शीकाकांची नव्हती. सोमवारी वाटेचं काम मंजूर करणारा साहेब येणार, तेव्हा ती सही नसेल तर काम दुसऱ्या गावाला जाणार. काका म्हणजे तहसीलीतले निवृत्त कारकून. गावाने तीनदा विनंतीअर्ज दिला आणि त्यांनी तीनदा "दरख्वास्त नामंजूर" असा शेरा मारून परत पाठवला.

"तीन महिन्यापासून त्याले समजावून राह्यलो आमी," मावशी म्हणाली, "का बाबा, वाट पुढं गेली तरी सारे तुह्यापाशी थांबतीन. अन् तू माही पावनी, टाटा करून गेली!"

तेवढ्यात शेजारची लक्ष्मक्का एक चिठ्ठी घेऊन आली. लक्ष्मक्काची मातृभाषा तेलुगू, आणि रोज पहाटे मावशीबरोबर चालायला येणाऱ्यांत ती सगळ्यात पुढे. चिठ्ठी अशी: "आज रोजी एक अनोळखी बाई, डोक्यावर पिवळं हेल्मेट, सायकलस्वार, माझ्या हद्दीतून न थांबता गेली. आवाज दिला असता हात हालवून हसली. तरी चौकशी होऊन कारवाई व्हावी." खाली सही आणि सहीखाली वेळ.

दुपारी मी कारवाईसाठी हजर झाले. सोबत मावशी होती. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उशाखालून एक जाडजूड रजिस्टर काढलं आणि माझ्यापुढे धरलं. दोन वर्षांपासून, म्हणजे वाट झाली त्या दिवसापासून, रोज सकाळी तिथवर चालत येणाऱ्या प्रत्येकाची त्यात हजेरी होती. "शोभा, हजर. लक्ष्मी, हजर, उशिरा. कमल, गैरहाजर, सबब: जावई आले." मावशीच्या नावापुढे सलग तीन दिवस "हजर, रागात" असं होतं. मला इतकं हसू आलं की खोकल्याचं सोंग करावं लागलं.

मग काका बोलले, आणि हसू गेलं.

"बायको होती तवा ह्या चिंचेखाली आमी दोघं राहो. ते गेली. पोरगा हैदराबादले. दिवस-दिवस मानूस दिसे नाई मले. मंग हे वाट झाली, अन् माह्या कुंपनापाशी येऊन संपली. आता पंधरा-वीस जनं रोज येते, इथंच वळते, पानी पेते, 'काका, बरं हाय काय' म्हनते. वाट पुढं गेली का कोन थांबते?"

"थांबतील की सगळे," मी म्हणाले.

"तू थांबली?"

तीन महिन्यांची गावाची वकिली मी एका टाटामध्ये बुडवली होती. फार वाईट वाटलं, सायकलचाही राग आला.

मावशी हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, त्या पोरी टरकाच्या बाजूनं जाते रोज."

"मले समजत नाई काय? समजते न." ते मान खाली घालून वांग्याचं एक पान उगाच चुरगाळत राहिले. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "मग एक दिवस करून तर बघा ना, काका. उद्या मुलींना जाऊ द्या इथून."

काकांनी पान टाकून दिलं. "ठीक हाय. पन कोनी त्याईले थांबा म्हनून सांगाचं नाई. मी पाहतो कोन थांबते."

"नाई बाप्पा, कोन सांगते!" मावशी म्हणाली. ती जरा जास्तच चटकन म्हणाली, हे माझ्या नंतर लक्षात आलं. संध्याकाळी ती वाटी घेऊन "दही मांगून आणतो" म्हणत पाच घरी जाऊन आली. भाकरी आणि अंबाडीच्या भाजीबरोबर ताटात दही काही दिसलं नाही.

शनिवारी सकाळी पाण्यावर धुकं आणि अंगावर दोन शाली. आम्ही सगळ्या फाटकापाशी काकांचा कोरा चहा पीत बसलो होतो. तिथला डिसेंबर सोसायचा तर असाच सोसावा. काका रजिस्टर मांडीवर घेऊन, पेन उघडून तयार. साडेआठला पहिली घंटी वाजली. निळ्या गणवेशातली एक मुलगी धुक्यातून आली, फाटकातून शिरली आणि ब्रेक न लावता चिंचेखालून सरळ निघून गेली. काकांनी पेनाला टोपण लावलं.

आणि तुरीच्या पलीकडून हाक आली, "हजर, काकाऽऽ! पल्लवी!"

मागोमाग दुसरी. "स्वाती, हजर!" तिसरी. "अनुषा, हजर!" एक हात सोडून, एक पेडलवर उभी राहून, दोघी एकाच सायकलवर. "ममता, हजर!" "कविता गैरहाजर, काका! सबब, ताप!" काका टोपण काढतात तोवर दोघी पुढे, चष्मा सावरतात तोवर तिघी. "हळू चला न वं! नाव, नाव सांग! कोन्या कविताले ताप?" लक्ष्मक्का "आगंडी, आगंडी", म्हणजे थांबा थांबा, असं ओरडत त्यांच्या मागे चार पावलं धावली आणि कुणीही थांबलं नाही. शेवटची मुलगी गेली तेव्हा रजिस्टरवर चहा सांडलेला होता आणि काका माकडटोपीने डोळे पुसत हसत होते. "ब्रेकच नाई एकीच्याबी सायकलले," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

सही मात्र केली नाही. "पाहू," म्हणाले आणि खाट आत ओढली. परतताना मी मावशीला विचारलं, मुलींना कुणी शिकवलं? "मी त एका शब्दानं बोल्ली नाई," ती म्हणाली.

रविवारी मावशीने मला गावातून हाकललं, कारण मी सारखी फाटकाकडे जात होते. बसने नेरडीगोंडा, तिथून रिक्षाने कुंटाला धबधबा. तीनशेत जाऊन-येऊन ठरते, आधी पाचशे सांगतात. पायऱ्या उतरताना पाणी दिसतं आणि चढताना पूर्वज. धबधबा सुंदर आहे, पण मी तिथे बसून सोमवारचाच विचार करत होते.

सोमवारी सकाळी निघाले ती फाटकावरूनच. या वेळी ब्रेक लावला, उतरले, हेल्मेट काढून नमस्कार केला. काकांनी लिहिलं: "पावनी, हजर, उतरून." मग इकडेतिकडे पाहून म्हणाले, "तुह्या मावशीनंच शिकवलं त्याईले. साऱ्याईच्या तोंडी एकच शब्द, मले कळत नाई काय? चाळीस साल कचेरीत काढली म्या." मी हेल्मेट पुन्हा डोक्यावर चढवलं. "पन माह्यासाठी घरोघरी फिरली न ते," ते म्हणाले, आणि मला दोन वांगी दिली.

पैनगंगेच्या अलीकडे चहाला थांबले होते तेव्हा मावशीचा फोन आला. ती एकाच वेळी रडत आणि ओरडत होती. सही झाली होती, पण सशर्त. वाट सरळ न नेता चिंचेला वळसा घालून न्यायची. साहेबाने विचारलं, सरळ नेली तर खर्च कमी, मग वळसा कशाला? काकांनी अर्जाच्या कोपऱ्यात स्वतः लिहून दिलं: "सबब: हजेरी." साहेबाने मान डोलावली म्हणे. त्याला किती कळलं कोण जाणे.

घरी येऊन आता दोन महिने झाले. गुडघे दुखायचे थांबले, वांग्यांचं भरीत त्याच संध्याकाळी संपलं, आणि टॉवेल दोरीवर वाळतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक आजी दिवसभर ओट्यावर बसलेल्या असतात. पंधरा वर्षं मी त्यांच्यासमोरून हसून निघून जात होते. आता जाताना "हजर, आजी!" असं ओरडते. पहिल्या दिवशी त्या दचकल्या, दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "उशीर झाला आज."

मावशी अधूनमधून रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवते. पल्लवी, स्वाती, अनुषा, बरी झालेली कविता, आणि सगळ्यात खाली रोज मी. "पावनी, गैरहाजर, सबब: गावी गेली." "पावनी, गैरहाजर, सबब: ऑफिस." काल आलेल्या पानावर मात्र सबबीची जागा कोरी होती. मावशीला विचारलं तर म्हणाली, "भाऊ म्हनते, मी किती दिवस तिच्या सबबी लिहू? आता तिनंच सांगावं."

सकाळपासून एखादी सबब शोधते आहे. एकही सापडलेली नाही.