भाजणीची पत्रं आणि कुंकवाची बोटं

आमच्या घरात धंद्याची अक्कल बायकोला होती. मला हौस होती.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, डोंबिवलीच्या दोन खोल्यांत ती चकलीची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला करून विकायची. गिऱ्हाइकं आपली आपण यायची. ऑफिसात दिवसभर आवक-जावक लिहिणाऱ्या मला हे फारच अव्यवस्थित वाटलं. मी वही घातली, सगळ्यांचे पत्ते उतरवले आणि दिवाळीआधी प्रत्येकाला एक पोस्टकार्ड टाकलं: 'भाजणी तयार आहे.' चाळीस घरांनी भाजणी नेली. झालं! एका पत्राला चाळीस घरं, तर बारा पत्रांना किती, असं त्रैराशिक मी मांडलं.

पुढच्या वर्षी दरमहा पत्र. मग पंधरवड्याला. श्रावणापासून दर सोमवारी. लिहायला काही उरेना तेव्हा मेतकुटाचे गुण लिहिले, मग दमट हवेत मेतकूट कसं जपावं ते, मग नुसतंच 'बऱ्याच दिवसांत आपलं दर्शन नाही.' पोस्टमन म्हणाला, "साहेब, तुमचं मेतकूट अजून खाल्लं नाही, पण पाठ झालंय."

नवरात्र बसलं तरी भाजणीची मागणी सातच घरांची. हिने चाळीस घरांच्या अंदाजाने धान्य धुऊन गच्चीवर वाळत घातलेलं. तळमजल्यावरच्या काकूंनी तिला जिन्यात गाठलं. "अगं, भाजणी तुझीच हवी गं. पण काही घेतलं की तुझ्या नवऱ्याला चेव येतो. मागे पावशेर मेतकूट नेलं, तर आठ पत्रं आली!"

ही वर येऊन एवढंच म्हणाली, "अहो, ते धान्य आता तुम्ही खा."

शहाण्या माणसाने इथे थांबावं. मला वाटलं, लोक पत्र वाचत नाहीत हीच खरी अडचण. मग हमखास वाचतात असं पत्र कुठलं? लग्नाचं! मी देव्हाऱ्यातलं कुंकू कालवलं आणि उरलेल्या तेहेतीस कार्डांच्या चारही कोपऱ्यांना बोटं लावली.

चौथ्या दिवशी शहाडच्या एक आजी दारात उभ्या. आमचं जुनं गिऱ्हाईक. हातात अहेराचा नवाकोरा स्टीलचा डबा आणि वर खण. बारीक अक्षर त्यांना दिसत नव्हतं, कुंकू तेवढं दिसलेलं.

"पोरीचं ठरलं म्हणायचं! मुलगा काय करतो?"

पोरगी चौदा वर्षांची. भूगोलाचं पुस्तक पोटाशी धरून माझ्याकडे बघत राहिली.

मी कार्ड वाचून दाखवलं. आजी मटकन खुर्चीत बसल्या. "अरे, भाजणीला कुंकू?"

"त्याशिवाय कोणी वाचत नाही हो."

"दिवाळी येते ते मला कळत नाही होय? वर्षातून एकदा आठवण कर, मी आपल्या पायांनी येईन. दर सोमवारी हाका मारल्यास तर दाराला कडीच लावणार ना रे!"

बायको आतून आली. अहेराचा डबा घेऊन आत गेली आणि भाजणीने काठोकाठ भरून परत घेऊन आली. "रिकामा कसा देऊ?" आजींनी झाकण उघडून वास घेतला. मग म्हणाल्या, "लेक, सून आणि विहीणबाई. तिघींना एवढीच दे."

कोणी न सांगता मी वही हिच्या स्वाधीन केली. तिने त्या सगळ्या घरांना स्वतः एक ओळ लिहिली: 'चूक झाली. यापुढे वर्षातून एकच पत्र, तेही माझ्या हातचं.' दिवाळीपर्यंत बावीस घरं परत आली. उरलेल्या धान्याचं थालीपीठ आम्ही होळीपर्यंत खाल्लं. मी तक्रार केली नाही.

नऊ वर्षांनी लेकीचं खरंच ठरलं. पत्रिकांना कुंकू लावायचं काम मला दिलं नाही. कल्याणच्या कार्यालयात शहाडच्या आजी पहिल्या रांगेत, मांडीवर पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या. प्रत्यक्ष नवरामुलगा बोहल्यावर दिसेपर्यंत त्यांनी अहेर बाहेर काढला नाही.