आधी नंबर, मग पावणा

आमच्या सोलापुरात माणूस भेटला की पहिला प्रश्न, "पावणं कुटलं?" गाव, आडनाव, मामाचं गाव निघालं की झालं, माणूस आपला. माझ्या वडिलांचा यावर देवाइतका भरवसा.

मी दवाखान्यात नर्स. ही नोकरी घरी भांडून मिळवलेली. दुपारपाळी सुटते रात्री, अन् शहराबाहेर कुंभारीला घरी परतायला मोबाईलवरून रिक्षा बोलवावी लागते. गाडीचा नंबर जुळवायचा, ड्रायव्हरचं तोंड फोटोशी ताडायचं, प्रवासाची लिंक आईला पाठवायची, मगच पाय आत. वडील म्हणायचे, पोरगी पोलिसात भरती झालीय.

त्या रात्री मी रिक्षात बसले अन् वडिलांचा फोन आला. ड्रायव्हरकडं दे म्हणाले. बघता बघता मोडनिंबचं नातं निघालं, आत्याच्या दिराचा साडू की कोण. वडील खूश. आता बिनघोर ये म्हणाले.

थोडं पुढं गेलो अन् मोबाईलवर आलं, प्रवास रद्द. त्यानंच रद्द केला होता. विचारलं तर म्हणे, घरच्या माणसाला ॲप कशाला? म्हणजे आईकडची लिंकही बंद. मी घाबरले, खोटं कशाला सांगू. पुढं पेट्रोल पंपाचा उजेड दिसला, तिथं थांबवा, मी म्हणाले. तो हसला, आपल्याच पोरीला कोण खातंय? मग मात्र मी आवाज चढवला, तशी रिक्षा थांबली. पंपावरच्या माणसांदेखत उतरले अन् दुसरी गाडी बोलावली.

मी घरी पोचायच्या आत आत्याकडून त्याची तक्रार पोचली होती. वडील दारातच उभे. पावण्याचा अपमान केलास, तुझ्या आत्याला काय तोंड दाखवू? उद्या त्याला फोन करून माफी माग, न्हाय तर नोकरी बंद. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माफी मागणार न्हाय अन् नोकरी बी सोडणार न्हाय," मी म्हणाले. "तुमी पावणा बघा. मी गाडीचा नंबर बघते."

समजाव तुझ्या लेकीला, म्हणून वडील आईकडं वळले. आई उभ्या जन्मात त्यांना उलट बोललेली नव्हती.

"लिंक बंद पडली अन् हितं माझा जीव टांगणीला लागला," ती म्हणाली. "तवा तुमचा पावणा काय सांगायला आला न्हाय मला."

वडील दारातून बाजूला झाले. दुसऱ्या दिवशी मी डबा घेतला अन् दुपारपाळीला गेले. माफीचा फोन अजून केलेला नाही, करणारही नाही.