इंजिनाचा हीटर आणि तीन तज्ज्ञ

मिशिगनमधल्या ट्रॉय या गावी राहणाऱ्या मराठी माणसाला 'काय करता?' असं विचारलं की तो 'ऑटोमोटिव्हमध्ये आहे' असं सांगतो. त्यापुढे विचारायचं नसतं. मी नवी होते तेव्हा विचारायची. माझा नवरा पुण्याचा, मेकॅनिकल इंजिनियर, गेली अकरा वर्षं कप होल्डर बघतो. म्हणजे गाडीत दोन सीटच्या मधे कॉफीचा ग्लास ठेवायला जो खळगा असतो, तो. त्याचा एक मित्र ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशाचं कव्हर बघतो. दुसऱ्या बाजूचा आरसा वेगळ्या टीमकडे आहे. दुसरा मित्र सीटबेल्ट लावला नाही तर जो टिंग-टिंग आवाज येतो, त्या आवाजाचा मॅनेजर आहे. तिघंही स्वभावाने चांगले आहेत. पण तिघांपैकी कुणी काचा पुसायचं पाणी भरण्याखेरीज बॉनेट उघडल्याचं मी आठ वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी नागपूरची. लग्नाआधी चार वर्षं बुटीबोरीला जनरेटरच्या एका कंपनीत सर्व्हिसला होते. कारखाने, मंगल कार्यालयं, दवाखाने, जिथे जनरेटर बंद पडेल तिथे जायचं आणि सुरू करून यायचं. मग लग्न झालं, मी डिपेंडंट व्हिसावर इकडे आले आणि आठ वर्षं काम करायला बंदी. त्या आठ वर्षांत या तिघांनी मला डिझेल इंजिन अनेकदा समजावून सांगितलं. वाढदिवसाला, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला, एकदा तर सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेत. 'वहिनी, डिझेलला स्पार्क प्लग नसतो बरं का.' मी म्हणायचे, 'हो का भावजी?' आणि शिरा वाढायचे.

आमची डिझेल गाडी म्हणजे एक जुनी जर्मन स्टेशन वॅगन. नवऱ्याने ती 'काय मायलेज आहे यार!' म्हणत एका निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याकडून घेतली. पुढे त्याची नवी एसयूव्ही आली, तेव्हा डिझेल माझी झाली आणि गॅरेज एसयूव्हीचं झालं. डिझेल बाहेर, ड्राइव्हवेत, बर्फात.

आठव्या वर्षी डिसेंबरात माझं वर्क परमिट आलं. मी अर्ज केले आणि जानेवारीत पहिला इंटरव्ह्यू ठरला. हॉस्पिटलं, कोल्ड स्टोअरेज अशा ठिकाणचे डिझेल जनरेटर सांभाळणारी एक लहान कंपनी होती. गुरुवार, सकाळी नऊ. मी पायापासून डोक्यापर्यंत तयार होऊन आठला गाडीत बसले. बाहेर उणे एकोणीस. किल्ली फिरवली, इंजिन आतून तापवणाऱ्या ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबले, स्टार्टर मारला. इंजिनाने दोनदा कण्हल्यासारखं केलं, मागून पांढरा धूर आला आणि सगळं थंडावलं. पाच-सहा वेळा मारून बॅटरीही बसली.

नवऱ्याला फोन केला. तो सातलाच ऑफिसला गेला होता.

"बॅटरी असेल," तो म्हणाला.

"आता बॅटरीच आहे. आधी इंजिन होतं. इंजिनाचा अख्खा लोखंडी ब्लॉक गोठलाय, ऑइल गुळासारखं झालंय. इंजिनाला विजेवरचा हीटर लावायला पाहिजे असं मी दिवाळीपासून म्हणतेय."

"अगं, मी मीटिंगमध्ये आहे. संध्याकाळी बघू या. तू कॅब कर ना."

त्या थंडीत कॅबला पन्नास मिनिटं दाखवत होते. शेवटी मी कंपनीला फोन केला. ज्यांना भेटायचं होतं ते सर्व्हिसचे प्रमुख स्वतःच फोनवर आले. डिझेल जनरेटर सुरू करून देणाऱ्या माणसाला मी सांगितलं, की माझी डिझेल गाडी सुरू होत नाही, म्हणून डिझेलच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला मी येऊ शकत नाही. मग ते खो-खो हसायला लागले.

"ब्लॉक हीटर नाही?"

"नाही."

"आमच्या प्रत्येक जनरेटरला असतो. पुढच्या गुरुवारी या. हीटर लावून या."

मी फोन ठेवला, बूट काढले आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत कोट घालूनच बसून राहिले. रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. मी रागावले की माझी नागपुरी बाहेर येते. संध्याकाळी नवरा आल्यावर ती पाऊण तास बाहेरच होती. 'काहून नाही लावला हीटर? कोणाची वाट पाहून राहिला होता?' शेवटी त्याने दोन्ही हात वर केले. "ओके, ओके. शनिवारी त्या दोघांना बोलावतो. प्रॉपर डिसिजन घेऊ."

शनिवारी दुपारी आरसा आणि टिंग-टिंग आले. मी पोहे केले. तिघांनी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि एक्सेल उघडलं. आडवे हीटरचे प्रकार, उभे निकष, प्रत्येक निकषाला वेटेज. पाइपात बसणारा हीटर, ब्लॉकमध्ये बसणारा हीटर, ऑइल मोजायच्या डिपस्टिकच्या जागी घालायची कांडी आणि इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या ऑइल पॅनला खालून चिकटवायचा चुंबकाचा हीटर. रंगसुद्धा भरले, हिरवा, पिवळा, लाल. 'इन्स्टॉलेशनची सोय' या निकषाला सगळ्यात जास्त वेटेज मिळालं, कारण इन्स्टॉलेशन करावं लागण्याची तिघांनाही भीती होती. चुंबक जिंकलं.

मी पोह्यांवर खोबरं घालता घालता म्हणाले, "या गाडीचा ऑइल पॅन ॲल्युमिनियमचा आहे."

"वहिनी, पोहे मस्त झालेत," टिंग-टिंग म्हणाला.

"चुंबक ॲल्युमिनियमला चिकटत नाही."

"व्हॅलिड पॉइंट," आरसा म्हणाला आणि त्याने एक्सेलमध्ये 'रिस्क' नावाचा नवा कॉलम टाकला. त्यात चुंबकाला दहापैकी दोन रिस्क मिळाली. नवऱ्याने लगेच ऑर्डर केली. "बेस्ट रेटिंग आहे," तो मला म्हणाला, मी जणू रेटिंगवरून भांडत होते.

सोमवारी हीटर आला. नवरा त्या दिवशी घरून काम करत होता. दुपारी जॅकेट, टोपी, हातमोजे, चष्म्यावर आणखी एक चष्मा असा जामानिमा करून तो ड्राइव्हवेत आडवा झाला. मी खिडकीतून बघत होते. त्याने हात गाडीखाली घातला, काढला. पुन्हा घातला. चुंबक बर्फावर पडल्याचा आवाज बंद खिडकीतूनही ऐकू आला. असं चार वेळा झालं. मग तो आत आला, माझ्याकडे न बघता ड्रॉवरमधून डक्ट टेप घेऊन गेला. टेपने चिकटवलेला हीटर संध्याकाळपर्यंत राहिला. वायर लावल्यावर टेप पाघळली आणि हीटर खाली पडून बर्फात छान गोल खळगा करून बसला.

"डिफेक्टिव्ह पीस असणार," नवरा म्हणाला.

मी भिंतीतून वायर उपटली, हीटर बर्फातून उचलला आणि शेजारी गेले.

शेजारच्या बाई मिशिगनच्या अगदी उत्तरेकडच्या. सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या. बस डिझेलची, त्यामुळे थंडीत डेपोतल्या सगळ्या बसना वायरी लावलेल्या असायच्या, आणि पहाटे त्यांचा पहिला उद्योग वायर काढणं. त्यांनी माझं सगळं ऐकलं. चुंबकापाशी मी थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "हे तीन इंजिनियर आहेत?"

"हो."

"देव त्यांना सांभाळो. तुला ब्लॉकमधला हीटर पाहिजे. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टिकल्या असतात ना, त्यातली एक काढायची आणि त्या भोकात हीटर बसवायचा. इंजिनात फिरणारं कूलंटच गरम होतं मग. कधी केलंयस?"

"जनरेटरला केलंय. नागपुरात हीटर कशाला लागतो, पण त्या टिकल्या गंजून गळायच्या, तेव्हा बदलल्यात."

"मग इथे बसून माझ्याशी काय बोलतेस?"

मंगळवारी गाडीखाली जाऊन मी टिकलीचं माप घेतलं. व्हर्नियर माझा स्वतःचा, बुटीबोरीचा, आठ वर्षं सूटकेसच्या तळाशी पडलेला. मग बाईंच्या गाडीतून पार्ट्सच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "नवऱ्याने नक्की हेच माप सांगितलंय का?" मी म्हटलं, "नवरा कप होल्डरमध्ये आहे." त्याला काही कळलं नाही, पण त्याने हीटर काढून दिला.

बुधवारी सकाळी नवरा एसयूव्ही घेऊन ऑफिसला गेला आणि गॅरेज मोकळं झालं. डिझेलला नवी बॅटरी टाकली, पण थंडीत इंजिन सुरू होईना, म्हणून शेजारच्या बाईंच्या गाडीने मागून ढकलत डिझेल आत नेली. तशीच ढकलत पुढची चाकं रॅम्पवर चढवली. टर्की भाजायचा पत्र्याचा मोठा ट्रे खाली ठेवून कूलंट काढलं. मग पाठीवर झोपून, पंच टिकलीच्या कडेला टेकवून हातोडी मारली. पहिल्या चार घावांत ती हललीसुद्धा नाही. पाचव्याला एक कड आत गेली, टिकली आडवी फिरली आणि ब्लॉकमध्ये राहिलेलं कूलंट थेट माझ्या बाहीत. बर्फासारखं गार. मी जे बोलले ते मराठीत होतं, पण बाईंना समजलं. त्या स्टुलावर बसून कॉफी पीत होत्या.

पकडीने टिकली ओढून काढली. भोक पॉलिश पेपरने घासून स्वच्छ केलं, बोट फिरवून बघितलं. हीटरच्या रबरी रिंगला ग्रीस लावलं, आतली कॉइल ब्लॉकच्या भिंतीला टेकणार नाही अशी फिरवून बसवली आणि मधला स्क्रू आवळला. किती आवळायचा ते कुठे लिहिलेलं असलं तरी खरं मनगटालाच कळतं. आठ वर्षं पोळ्या लाटून माझं मनगट विसरलं असेल अशी मला भीती होती. नव्हतं विसरलं.

कूलंट भरलं. थेंब आला. पुन्हा सगळं काढलं, रिंग वाकडी बसली होती, सरळ केली, पुन्हा भरलं. या वेळी कोरडं. गॅरेजच्या उबेत इंजिन आता सुरू झालं, कूलंटमधली हवा काढली, हीटरची वायर रेडिएटरपासून लांब, जाळीतून पुढे आणली आणि पट्ट्यांनी बांधली. बाईंनी त्यांच्याकडची बाहेर वापरायची जाड नारिंगी एक्स्टेंशन वायर दिली. "घरातली बारीक वायर लावलीस तर घर जाळशील," त्या म्हणाल्या. "आणि टाकीत हिवाळी डिझेलच भर. हीटर इंजिनाला आहे, टाकीला नाही."

प्लग लावला. थोड्या वेळाने त्यांनी मला हाताने बोलावलं. "ऐक." मी ब्लॉकजवळ कान नेला. आतून चहाच्या आधणासारखा बारीक सूं-सूं आवाज येत होता.

गुरुवारी उणे सतरा होतं. वायरीला लावलेला टायमर पहाटे पाचला सुरू झालेला. आठला मी किल्ली फिरवली आणि गाडी अशी सुरू झाली, की मला आधी खोटंच वाटलं. इंटरव्ह्यूत सर्व्हिसच्या प्रमुखांनी माझा बायोडाटा उलटा ठेवला आणि म्हणाले, "आधी गाडी दाखवा." पार्किंगमध्ये त्यांनी जाळीतून आलेला प्लग पाहिला, वाकून खाली टॉर्च मारला, कुठे गळतंय का ते बघितलं. "कुणी बसवला?"

"मी."

"किती वेळ लागला?"

"पहिल्यांदा गळला. त्यामुळे पाच तास."

ते म्हणाले, पहिल्यांदाच बरोबर बसला म्हणणाऱ्यांना ते घेत नाहीत. मला फील्ड टेक्निशियन म्हणून घेतलं.

नवऱ्याला आनंद झाला, पण तो 'टेक्निशियन'पाशी अडखळला. "डेझिग्नेशन वेगळं काही मिळेल का? लोकांना सांगायला?" मी म्हटलं, लोकांना काय सांगायचं ते सांग. दुसऱ्या दिवशी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्याने मला एनर्जी सेक्टरमध्ये घातलं. खाली अठ्ठावीस टाळ्या आल्या. आरशाने लिहिलं, 'वहिनी, हीटरसाठी आमचं मॅट्रिक्स कामी आलं तर!'

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी मंडळाचं हळदीकुंकू होतं. तिळगुळाचे डबे आणि मसालेभाताची पातेली एसयूव्हीतच मावणार होती, म्हणून ती घेऊन मी दुपारीच हॉलवर गेले. नवऱ्याला सांगितलं, डिझेल घेऊन ये, आणि आधी वायर काढ. तो चारला आला. मी पैठणी नेसून दारात उभी होते. आमची जुनी वॅगन वळून पार्किंगमध्ये शिरली आणि तिच्यामागे तीसेक फूट नारिंगी वायर सापासारखी वळवळत आली.

तो खुशीत उतरला. "अगं, आज रस्त्यावर प्रत्येक जण लाइट मारत होता. हात करत होता. जुन्या गाड्यांचं लोकांना किती कौतुक असतं ना! मी पण सगळ्यांना हात केला."

मी मागे बोट दाखवलं. तो वळला.

"तू सांगायचंस ना," तो म्हणाला.

वायरचं टोक रस्त्यावर घासून चपटं झालं होतं. मी पदर खोचून ती गुंडाळली, डिकीत टाकली आणि हात धुऊन आत अत्तर लावायला गेले. सोमवारी कामावरून येताना नवा प्लग आणला आणि बसवला. शिवाय ड्राइव्हवेतल्या सॉकेटच्या शेजारी, भिंतीत एक खिळा ठोकला. डिझेलची किल्ली आता तिथेच टांगलेली असते. ज्याला गाडी पाहिजे, त्याने सॉकेटपाशी जावं, वायर बघावी, काढावी, मग किल्ली घ्यावी. गाडी चोरीला जाईल अशी भीती मला नाही; चोर नेईल तर निदान वायर काढून तरी नेईल.

नवऱ्याला ही युक्ती फार आवडली. गेल्या महिन्यात त्याने ऑफिसात तिच्यावर सहा स्लाइडचं प्रेझेंटेशन दिलं. खिळ्याचा फोटो त्याने माझ्याकडूनच मागवून घेतला.