यमुनाअक्कांचं चौथं कडवं

आजवर कुणाला सांगितलं नाही, ते आधी सांगतो. ‘माझी बारी’ या कॅसेटवर गीतकार म्हणून माझं नाव छापलेलं आहे. ते गाणं माझं नाही. यमुनाअक्कांचं आहे.

अक्का कोऱ्हाळ्याच्या. खुरपता खुरपता गाणी जुळवायच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण जुळलेलं कडवं वर्षानुवर्षं तसंच्या तसं म्हणायच्या. कार्यक्रमात उभ्या राहिल्या की आधी माईक हातभर लांब सारायच्या. “ह्यो लई तोंडाकडं बघतोय माझ्या,” म्हणायच्या, आणि लोक हसून सैल झाले की सूर लावायच्या. मी त्यांचा पेटीवाला, म्हणून मास्तर. मी पट्टी चढवली की म्हणत, “मास्तर, बाईचा गळा हाय, पाण्याची मोटर न्हाय.”

नव्वद सालानंतरची गोष्ट. बारामतीत एका खोलीत त्यांची पहिली कॅसेट भरली. गाणं पाटाच्या पाण्याच्या बारीचं, म्हणजे पाळीचं. शेजारच्यांची रानं भिजतात आणि एक बाई खोरं घेऊन बांधावर उभी. प्रत्येक कडव्याच्या शेवटी विचारते, ‘पाटाला पानी आलं गं बाई, माझी बारी कधी?’ चौथं कडवं नावाचं. आमच्याकडे गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो, तीच त्याची सही.

‘यमुना म्हने, बारी आली,
सरी सरी गं भिजून गेली.’

तिसरं कडवं झालं आणि मी पेटीचा भाता मिटला. टेप संपली म्हणून सांगितलं. टेप भरपूर शिल्लक होती. अक्कांनी पदर सारखा केला, बरं म्हणाल्या आणि चहा मागितला. कव्हरचा मजकूर मीच लिहून द्यायचा होता. मला कवी व्हायचं होतं आणि माझी स्वतःची एक ओळ धड होत नव्हती.

कॅसेट अशी चालली की ट्रकवाले इंदापुरात थांबून घेऊन जात. सुप्यापासून सोलापूरपर्यंत अक्कांना बोलावणी येऊ लागली. बायका गाठून त्यांचे हात हातात घेत. लोक मला कवी म्हणू लागले. स्टेजवरही मी तिसऱ्या कडव्याला थांबायचो. लोकांना एवढंच ठाऊक आहे, असं अक्कांना सांगायचो. त्या ऐकायच्या.

चार वर्षं अशी गेली. एका दुपारी इंदापुरात मंडपामागे आम्ही दोघंच बसलो होतो. पान लावता लावता त्या म्हणाल्या, त्यांच्या भाचीनं कॅसेटचं कव्हर पहिल्याच महिन्यात वाचून दाखवलं होतं.

 मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

“पेटी कुणी वाजवली असती? दुसरा सगळा बेसूर.” त्यांनी पान तोंडात घातलं. “नाव घेतलं, घेतलं. पर त्या बाईला चार वरसं बांधावर ताटकळत ठेवलीया तुमी. तिला पानी तरी सोडा की, मास्तर.”

चार वर्षं मी फक्त नावाचाच विचार करत होतो. ती बाई माझ्या ध्यानातच आली नव्हती.

त्या दिवशी तिसरं कडवं संपलं तेव्हा लोक टाळ्या वाजवून उठायला लागले. मी पेटी थांबवली नाही. अक्कांनी चौथं धरलं, उठलेले परत बसले. पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, “आलं बाई पानी एकदाचं.” माझ्या छातीवरचं दडपण उतरलं होतं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि भुवई उडवली, सूर बरा लागला म्हणजे त्या करायच्या तशी.

पुढे प्रत्येक कार्यक्रमात त्यांनी चारही कडवी म्हटली. मी शेवटपर्यंत त्यांच्या पेटीवर होतो. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. चौथं कडवं आज इथे छापलं गेलं. कॅसेटवर मात्र अजून माझंच नाव आहे, आणि गाण्यांच्या वह्यांतून, पुस्तकांतूनही तेच उतरलं आहे. ते काढून तिथे यमुना हे नाव लावणं माझ्याकडून अजून व्हायचं आहे.